मोडका इझी-आऊट आणि उद्यमनगरातलं स्पार्क मशीन

शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. बॉबिन केसचा टिचभर स्क्रू मी अंधारात काढतो. त्यामुळं पोराच्या रिमोटच्या गाडीचा एक स्क्रू घेऊन दुसऱ्याच्या दारात जायचं म्हणजे जिवावर आलं होतं.

गाडी 1/10 मापाची. मोटर ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या माउंटवर बसते, तो चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, खालून तीन एमएमच्या दोन चपट्या स्क्रूंनी धरलेला. कोल्हापूरजवळच्या कळंब्याच्या माळावर दगडांवर घासून घासून त्यांची डोकी झिजलेली. या स्क्रूला 2 एमएमची अ‍ॅलन की लागते. पोरानं घातली 5/64 इंचाची, ती भरते 1.98 एमएम. म्हटलं तर फरक काहीच नाही, पण झिजलेल्या खाचेचे कोपरे तेवढ्यानं उडतात. वर त्यानंच मागं कधीतरी लाल थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांत घालायचा गोंद, ओतलेलं. निळं असतं तर हातानं सुटलं असतं. एक स्क्रू निघाला, दुसरा गोल झाला.

मी टी-8 चा टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या तोंडाचा, बिट हातोडीनं ठोकून बसवला. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. इथं बिटच फिरला. आता शहाण्यानं काय करावं, तर स्क्रू तापवावा. लाल थ्रेडलॉक 250 अंशांच्या आसपास मऊ पडतं. सोल्डरिंगचं तापलेलं टोक डोक्यावर दाबून धरायचं, झालं. हे मला माहीत होतं. पण पोरगा शेजारी उभा राहून बघत होता आणि मला घाई झाली. ड्रिल मारलं आणि इझी-आऊट, म्हणजे अडकलेला स्क्रू काढायचा उलट्या आट्यांचा दांडा, घातला. एवढ्या बारीक स्क्रूत इझी-आऊट म्हणजे पाचरच. जेवढा फिरवाल तेवढा स्क्रू आतून फुगतो आणि आट्यांत रुततो. टक्कन मोडला. मोडलेला तुकडा इतका कडक, की त्यावर साधं ड्रिल नुसतं घसरतं.

शिवाजी उद्यमनगरात एका बोळात ‘तुटलेला टॅप काढून मिळेल’ असा पत्रा लावलेला आहे. टॅप म्हणजे आटे पाडायचं हत्यार. आत एकच स्पार्क मशीन आणि एक वयस्कर मिस्त्री. चासी उलटी करून बघितली आणि म्हणाले, “पाव्हणं, इझी-आऊट मोडल्याबिगर हितं कोण येतच न्हाई बघा.”

काम मात्र बघत राहावं असं. अडीच एमएमपेक्षा जरा बारीक तांब्याचा रॉड, खाली तेलात बुडालेली चासी. रॉड स्क्रूला टेकतच नाही. मधल्या फटीत ठिणग्या पडत राहतात आणि पोलाद कणाकणानं जळून जातं, मग ते कितीही कडक असो. जोर शून्य, म्हणून माउंटला धक्का नाही. धोका एकच. रॉड जरा सरकला तर अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा लवकर खाल्लं जातं. म्हणून सेंटर धरण्यातच त्यांनी वीस मिनिटं घालवली, डायल लावून, चहा गार करून. पुढं तासाभरात डोक्याची कडी सुटली. आत उरलेलं टरफल त्यांनी सुईनं उचकटलं आणि तीन एमएमचा टॅप फिरवून दिला. नवा स्क्रू बोटांनी शेवटपर्यंत गेला. आटे शाबूत.

घेतले 250 रुपये. नवा माउंट बाहेरून मागवला असता तर महिनाभर वाट बघावी लागली असती.

तक्रारी आहेत. सकाळी गेलात तर कारखान्यांचे डाय, म्हणजे साचे, आधी, तुमची खेळणी नंतर. मला दोन हेलपाटे पडले. चासी तेलानं माखून परत मिळते, ती घरी डिझेलनं धुवावी लागली. आणि मोटर, सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर), बॅटरी सगळं काढूनच न्या. ते काढत बसणार नाहीत, उलट शिव्या घालतील. मी मोटर तशीच नेली होती. बोळातच पायरीवर बसून काढली.

5/64 ची की आता माझ्या गल्ल्यात आहे. पोरगा रोज मागतोय.