संक्रमण शिबिर: खोली मिळते, परतीची तारीख मिळत नाही

कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या उपकरप्राप्त इमारतींत, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या चाळींत राहणाऱ्यांवर म्हाडाच्या संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरात, जायची वेळ कधीही येऊ शकते. पावसाळ्याआधी म्हाडाचं इमारत दुरुस्ती मंडळ पाहणी करतं, अतिधोकादायक इमारतींची यादी लागते, घर रिकामं करायची नोटीस येते. शिबिरातला गाळा (खोली) मात्र गिरगाव-लालबागला मिळेलच असं नाही; प्रतीक्षानगर, विक्रोळीचं कन्नमवारनगर, मालवणी, थेट गोराईसुद्धा. दहावीतलं पोर किंवा केईएममध्ये डायलिसिस चालू असलेला माणूस घरात असेल, तर खोलीच्या आकारापेक्षा हे अंतरच जास्त छळतं.

जुने गाळे साधारण १८० चौरस फुटांचे. दहा बाय अठरा धरा: पलंग आणि कपाट लागलं की पाच माणसांना अंथरूण टाकायला जागा पुरत नाही. जुन्या इमारतींत लिफ्ट नसते. घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल तर तळमजल्याची मागणी गाळावाटपाआधीच लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. एकदा चावी हातात पडली की बदलून मिळणं कठीण.

तरीही धोकादायक छताखाली पावसाळा काढू नये. भाडं नाममात्र आहे आणि घर रिकामं केलं म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही. ही या सेवेची खरी जमेची बाजू.

घोडं अडतं ते परतताना. चाळीचा भूखंड अरुंद असतो, रस्तारुंदीत जातो किंवा त्यावर आरक्षण निघतं. तिथे पुन्हा इमारत उभीच राहत नाही. अशा कुटुंबांसाठी बृहत्सूची, म्हणजे कायमच्या घरासाठीची मंडळाची यादी आहे. त्यातली घरं मुख्यतः पुनर्विकासात विकासकांनी मंडळाला दिलेल्या अतिरिक्त क्षेत्रातून येतात. ती थोडी आणि रांग लांब, म्हणून तात्पुरत्या खोलीत दुसरी पिढी वाढते. कुणी दमून मुखत्यारपत्रावर गाळा देऊन टाकतं, तर रिकाम्या गाळ्यात घुसखोर शिरतात. म्हणून तर सर्वेक्षणात अ, ब, क असे गट पाडावे लागले: मूळ रहिवासी, मुखत्यारपत्रावर घेतलेले, घुसखोर. मूळ रहिवाशाला त्यात स्वतःचं मूळपण सिद्ध करत बसावं लागतं, हा अन्यायच आहे.

त्यासाठी एक फाइल कायम तयार असू द्या: रिकामं करायची नोटीस, गाळ्याचं वाटपपत्र, मूळ घराच्या भाडेपावत्या, त्या पत्त्याचं जुनं वीजबिल आणि रेशनकार्ड. जुन्या खोलीचं चटईक्षेत्र लिहिलेला कागद सगळ्यात जपा. पुनर्विकासात किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतंच, पण खोली त्याहून मोठी असेल तर तो हिशेब याच कागदावर होतो. मूळ भाडेकरू वारला तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रं जोडून नाव लगेच बदलून घ्या. भावाभावांत ना-हरकतीवरून बिनसलं, तर बृहत्सूचीचा अर्ज तिथेच अडकतो.