स्टोव्हभोवतीची जाळी, कुत्रं असेल तर घ्याच

घरात लाकडं जाळून खोली गरम करायचा स्टोव्ह आहे आणि आमचा कुत्रा त्याला चिकटूनच झोपायला बघतो, म्हणून ही फोल्डिंग पॅनलवाली लोखंडी जाळी घेतली. बेस्ट गोष्ट म्हणजे ती भिंतीला स्क्रूने फिक्स होते, कारण नुसती उभी ठेवायची जाळी मोठ्या कुत्र्याने अंग टेकलं की सरकते, मग ती असून नसल्यासारखीच. पेटलेल्या स्टोव्हची काच आणि पत्रा २०० डिग्रीच्या वर सहज जातो, नुसती शेपटी लागली तरी भाजतं आणि दाट केसांखाली ते आपल्याला लवकर दिसतही नाही. फक्त स्टोव्हच्या फार जवळ लावू नका हां, जाळीच तापते! गेटचं लॅच मात्र ढिलं आहे, नाकाने ढकललं तर उघडेल असं, मी वरून वेगळा हुक लावलाय. पिल्लू असेल तर गजांमधली फट मोठी पडते, डोकं अडकू शकतं, त्यांनी बारीक जाळीचं मॉडेल बघा. आणि जाळी लावली तरी राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच काढा, डबा घराबाहेर ठेवा, आतले निखारे बराच वेळ धगधगत राहतात. चार स्टार, एक लॅचचा कापला.