पुढचं जहाज कशावर चालवायचं? एलएनजी, मिथेनॉल, अमोनिया, आणि त्याआधी वेग

एक टन जड इंधन तेल जाळलं की ३.११४ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. टनाचे तीन टन होतात कारण तेलातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो. दिवसाला ३० टन तेल पिणारं एक मालवाहू जहाज घ्या. २० दिवसांच्या फेरीत ते ६०० टन संपवतं आणि मागे साधारण १,८७० टन कार्बन डायऑक्साइड सोडतं. पुढची सगळी तुलना याच कागदावरच्या जहाजावर करू, म्हणजे प्रत्येक पर्यायाचे आकडे एकाच मापाने मोजले जातील.

जगातल्या सगळ्या जहाजांचं मिळून २०१८ सालचं उत्सर्जन १०७.६ कोटी टन होतं, माणसाने केलेल्या एकूण उत्सर्जनाच्या २.८९ टक्के. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, २०२३ मध्ये २०५० च्या आसपास निव्वळ शून्याचं उद्दिष्ट ठरवलं. जहाज वीस-पंचवीस वर्षं चालतं. त्यामुळे आज ज्याची ऑर्डर जाईल, त्याला हे उद्दिष्ट पाण्यात असतानाच गाठणार आहे.

बहुतेक चर्चा थेट इंधनावर उडी मारतात. मी वेगापासून सुरुवात करतो, कारण तिथे आजच्या आज हात घालता येतो.

पाण्यातून जहाज ढकलायला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आपलं जहाज १४ नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) चालत असेल आणि ते १२.६ वर आणलं, म्हणजे फक्त १० टक्के कमी, तर रोजचं तेल ३० टनांवरून २२ टनांच्या आसपास येतं. फेरी २० ऐवजी सव्वाबावीस दिवसांची होते. तरीही एकूण तेल ६०० वरून सुमारे ४८६ टनांवर उतरतं. ना नवं इंजिन, ना नवी टाकी. अर्थात हा मुख्य इंजिनाचा हिशेब. जनरेटर जास्त दिवस चालतो, तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटले असतील तर बराचसा फायदा तिथेच जातो, आणि तेवढाच माल वर्षभरात हलवायला ताफ्यात थोडी जास्त जहाजं लागतात.

मग सगळेच हळू का चालवत नाहीत? कित्येक चार्टर करारांत, म्हणजे जहाज भाड्याने घेण्याच्या करारांत, जहाजाने शक्य तितक्या लवकर पोहोचावं अशी अट असते, धक्का रिकामा असो वा नसो. म्हणून जहाज धावत-पळत येतं आणि बंदराबाहेर नांगर टाकून चार दिवस बसतं. याहून निरर्थक धूर दुसरा नाही.

वाऱ्याची मदत हा दुसरा पर्याय, आणि तो वाटतो तितका नवा नाही. फिरत्या उभ्या नळकांड्यांवर, म्हणजे रोटरवर, चालणारं जर्मन अभियंता फ्लेटनरचं जहाज १९२६ मध्ये अटलांटिक पार करून गेलं होतं. आताचा दाखला म्हणजे २०१८ मध्ये ‘मर्स्क पेलिकन’ या टँकरवर बसवलेले दोन रोटर. वर्षभराच्या चाचणीत ८.२ टक्के इंधन वाचल्याचं जाहीर झालं. टँकर आणि बल्कवाल्यांना (धान्य, कोळसा असा सुटा माल नेणाऱ्यांना) हे जमतं, कारण डेक मोकळा असतो. कंटेनर जहाजावर डेक म्हणजेच माल, तिथे खांब उभा करायला जागा मिळणं अवघड.

आता इंधन

टाकीपासून सुरुवात करू. आपल्या फेरीच्या ६०० टन तेलाला सहाशे घनमीटरच्या जरा वर जागा लागते. तेवढीच ऊर्जा मिथेनॉलमधून हवी असेल तर सुमारे १,५३० घनमीटर, आणि द्रव अमोनियातून १,९०० च्या आसपास. एलएनजीला, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूला, साधारण १,१००, पण तो उणे १६२ अंशांवर ठेवावा लागत असल्याने टाकीभोवतीचं इन्सुलेशन जास्तीची जागा खातं. ही जागा मालातून कापायची, की मधल्या बंदरात एक जास्तीचं बंकरिंग, म्हणजे इंधन भरणं, करायचं, हे आधी ठरवा.

एलएनजीचं पारडं वरवर जड दिसतं. जहाजं आहेत, इंजिनं आहेत, बंकरिंगही बऱ्याच मोठ्या बंदरांत मिळतं. एक टन एलएनजी जळला की २.७५ टन कार्बन डायऑक्साइड. तेवढ्याच ऊर्जेचं तेल जाळलं असतं तर ३.८ टन झाला असता. पाव टक्क्यांची नाही, पावपट बचत. पण कमी दाबाच्या फोर-स्ट्रोक इंजिनात काही वायू न जळताच धुराड्यातून निसटतो, आणि युरोपच्या फ्युएल-ईयू नियमांत (जहाजाच्या इंधनामागच्या उत्सर्जनावर मर्यादा घालणारे नियम) हे प्रमाण ३.१ टक्के धरलं आहे. म्हणजे टनामागे ३१ किलो मिथेन. वीस वर्षांच्या मोजमापात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक तापवतो. ते ३१ किलो अडीच टनांच्या बरोबरीचे झाले आणि एकूण आकडा तेलाच्या वर गेला. आगीतून फुफाट्यात. शंभर वर्षांच्या मापानेही फायदा बराचसा झिजतो. उलट जास्त दाबाच्या टू-स्ट्रोक इंजिनात गळती ०.२ टक्के धरतात, तिथे गणित बरंच सुधारतं. म्हणून ‘एलएनजी चांगला की वाईट’ हा प्रश्नच अर्धवट आहे. इंजिन कोणतं, ते आधी सांगा.

मिथेनॉल हाताळायला सोपं. साध्या तापमानाला द्रवच राहतं, टाकीला अतिथंड तंत्र लागत नाही. ‘स्टेना जर्मानिका’ ही फेरीबोट २०१५ मध्येच त्यावर फिरवली गेली, आणि २०२३ मध्ये ‘लॉरा मर्स्क’ हे छोटं कंटेनर जहाज आलं. धोके आहेत: ते विषारी आहे, आणि त्याची ज्योत उजेडात जवळपास दिसतच नाही. खरी मेख मात्र पुरवठ्यात. आज बाजारातलं बहुतेक मिथेनॉल नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून बनतं. धुराड्यापाशी मोजलं तर आपल्या फेरीत १,८७० टनांचे १,६७० होतात, पण ते बनवतानाचं उत्सर्जन धरलं की हिशेब तेलापेक्षाही वाईट. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. जैविक कचऱ्यातलं किंवा हरित हायड्रोजनपासूनचं मिथेनॉल खरं कामाचं, पण डेन्मार्कमधल्या कासो इथला २०२५ मध्ये सुरू झालेला मोठा कारखानासुद्धा वर्षाला ४२,००० टनच देतो.

अमोनियात कार्बनच नाही, म्हणून त्याचं कौतुक जास्त. ‘फोर्टेस्क्यू ग्रीन पायोनियर’ने २०२४ मध्ये सिंगापुरात तो जाळून दाखवला. पण हवेत दहा लाखांत ३०० भाग अमोनिया झाला की जिवाला तातडीचा धोका असतो, आणि ज्वलनात नायट्रस ऑक्साइड सुटला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट भारी. इंजिन रूममध्ये उतरणाऱ्या माणसाचा विचार करता, आज मी याची ऑर्डर देणार नाही. नंतर बदल करता येईल अशी जागा आणि आराखडा ठेवेन, तेवढंच.

जुन्या जहाजासाठी जैवइंधन सगळ्यात कमी कटकटीचं. वापरलेल्या खाद्यतेलापासूनचं मिश्रण बहुधा त्याच टाकीत, त्याच इंजिनात चालतं. पुरवठा मर्यादित आणि त्यावर विमानांचाही डोळा. ते खरंच वापरलेल्या तेलाचं आहे का, याचं प्रमाणपत्र मात्र नीट तपासा.

माझा कौल असा: ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या बंदरांत फिरणारं नवं कंटेनर जहाज असेल तर तेल आणि मिथेनॉल दोन्हींवर चालणारं इंजिन. भटकं बल्क कॅरिअर असेल तर साधं इंजिन, स्वच्छ तळ, रोटर आणि कमी वेग. एलएनजी फक्त जास्त दाबाच्या इंजिनासह.

नियमांचं म्हणाल तर आयएमओच्या ‘नेट-झिरो’ चौकटीला एप्रिल २०२५ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली, पण ऑक्टोबरमध्ये ती स्वीकारण्याचा निर्णय वर्षभर पुढे ढकलला गेला. युरोपचं तसं नाही. तिथे उत्सर्जनाचे परवाने २०२४ पासून विकत घ्यावे लागतात, २०२४ च्या उत्सर्जनापैकी ४० टक्क्यांवर, २०२५ च्या ७० टक्क्यांवर, २०२६ पासून पूर्ण. युरोपबाहेरून येणाऱ्या किंवा बाहेर जाणाऱ्या फेरीचा निम्मा भाग धरतात. फ्युएल-ईयूत अनेक जहाजांचा हिशेब एकत्र करता येतो, त्यामुळे हरित मिथेनॉल पिणारं एक जहाज इतरांची तूट भरून काढू शकतं.

ऑर्डरआधी एकदा चार्टर करार उघडून बघा. टाइम चार्टरमध्ये, म्हणजे ठरावीक काळासाठी जहाज भाड्याने दिलं असेल तर, तेलाचं बिल भाड्याने घेणारा भरतो आणि रोटरचं मालक. वाचलेल्या ८ टक्क्यांतले किती मालकाकडे येणार, हे करारात लिहिलेलं नसेल तर रोटरचे पैसे टाकण्याआधी तेवढं एक कलम घालून घ्या.