चौथ्या वर्षाचा प्रबंध: गाइड की मित्रांचा गट?

नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येतं. त्यात प्रबंधाचे 12 क्रेडिट. मग आधार कुणाचा घ्यायचा?

गाइडचा खरा उपयोग सुरुवातीला. ‘महाराष्ट्रातील पाणीप्रश्न’ असा ऐसपैस विषय घेऊन गेलात, तर सर तो एका तालुक्यातल्या टँकरच्या नोंदींवर आणून ठेवतात. मित्रांना हे जमत नाही. ते ‘भारी आहे’ म्हणतात. पण सरांना गाठायचं कधी? पेपरतपासणी, कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाची कागदपत्रं, त्यातून उरलेली पंधरा मिनिटं.

लिहायला बसल्यावर मात्र गटच कामाचा. एमएच्या वेळी आम्ही चौघं दर गुरुवारी कँटीनमध्ये दोन-दोन पानं मोठ्याने वाचायचो. माझं एक वाक्य सात ओळींचं निघालं. वाचताना दमच लागला. मैत्रिणीने पेन्सिलीने तिथे तीन पूर्णविराम ठोकले. शिवाय गुरुवार आला की पानं लिहावीच लागायची, लाजेकाजेस्तव का होईना. संदर्भसूचीत तेवढं गटावर विसंबू नका, चौघांच्या चार पद्धती निघतात.

मी तरी विषय पक्का होईपर्यंत गाइडचे उंबरठे झिजवीन. पुढे गुरुवार चुकवणार नाही.