मऊ तळाच्या कल्चर प्लेट्स: मसल सेल्ससाठी घ्याव्यात का?

आमच्या लॅबमध्ये सहा खळग्यांची (वेल्सची) जेलवाली प्लेट मागवली, 12 किलोपास्कल कडकपणाची, कोलॅजन कोटिंग करूनच येते, आणि तिच्यावर सी2सी12 या उंदराच्या स्नायूपेशी वाढवल्या. एका वाक्यात सांगायचं तर मसलवर सिरियसली काम करत असाल तर घ्याच!

12 च का, तर निरोगी स्नायू आकुंचन पावत नसताना साधारण तेवढाच कडक असतो आणि आपली रोजची प्लास्टिकची डिश त्याच्या लाखपटीहून जास्त कडक. पेशी तळाला धरून सारखी ओढत असते, तळ किती दाद देतो त्यावर आतल्या मायोसिनची, म्हणजे आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनाची, बांधणी अवलंबून असते. एंग्लर आणि डिस्चर यांचा 2004 चा पेपर आहे त्यात हे मस्त दाखवलंय, मायोब्लास्ट (कोवळ्या स्नायूपेशी) एकमेकांना जोडून मायोट्यूब (लांब नळीसारख्या पेशी) तर सगळीकडेच होतात, पण मायोसिन नीट रचलं गेल्याची खूण असलेले आडवे पट्टे फक्त 12 च्या आसपासच्या जेलवर येतात, काचेवर नाही, फार मऊवर नाही, आणि डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आजारातल्या स्नायूइतक्या कडक जेलवरही नाही. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे काचेवर मायोट्यूबचे दोन थर वाढवले तर खालच्यात पट्टे नाहीत आणि वरच्यात आहेत, कारण वरच्याला खाली मऊ पेशी मिळते!

आमच्याकडे पेशी 2% हॉर्स सीरमवर टाकल्यावर (म्हणजे त्या जोडून ट्यूब्स होतात) तिसऱ्या आठवड्यात मायोसिनचं स्टेनिंग केलं तर पट्टे स्वच्छ दिसले, बघतच बसले मी. प्लास्टिकवरच्या ट्यूब्स तोवर आकुंचन पावून सोलून निघायला लागलेल्या असतात, इथे टिकल्या.

आता त्रास. मीडियम (पेशींचं पोषक द्रव) काढताना पिपेटची टिप जेलला लागली की ओरखडा पडलाच, म्हणून प्लेट तिरकी धरून कडेनेच काढायचं आणि थोडं मीडियम राहू द्यायचं, जेल सुकलं की संपलं. जास्त मॅग्निफिकेशनला फोकस मिळत नाही, जेलच्या जाडीमुळे. आणि डिस्ट्रिब्यूटरने मे महिन्यात साध्या खोक्यात पाठवली, एक वेल कोरडी पडलेली होती, बदलून मागताना फार दमवलं.

किंमत जास्तच आहे. नुसता फ्यूजन इंडेक्स, म्हणजे किती पेशी जोडल्या गेल्या तेवढंच, मोजायचं असेल तर साध्या प्लेटवर भागतं. वेगवेगळ्या कडकपणाची सिरीज हवी असेल तर जेल ज्यांपासून बनतं त्या अ‍ॅक्रिलामाइड आणि बिस-अ‍ॅक्रिलामाइडचं प्रमाण बदलून कव्हरस्लिपवर (पातळ काचेवर) जेल लॅबमध्येच करा, स्वस्त पडतात, फक्त प्रत्येक बॅचचा कडकपणा मोजून घ्या.