‘द वेब ऑफ फिअर’चा हरवलेला तिसरा भाग: स्थिरचित्रांतून बघावा की ॲनिमेशनमधून?

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेतली (‘डॉक्टर’ हा तिचा नायक) ‘द वेब ऑफ फिअर’ ही सहा भागांची कथा बघायला घेतली की दुसऱ्या भागानंतर गाडी अडते, कारण तिसरा भाग उपलब्धच नाही. बीबीसीने ही कथा १९६८च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दाखवली आणि त्या काळातल्या कित्येक कार्यक्रमांसारख्या तिच्या टेपाही पुसून टाकल्या. परदेशात पाठवलेल्या फिल्म-प्रिंट, हरवलेले कार्यक्रम शोधणाऱ्या फिलिप मॉरिस यांना नायजेरियातल्या जॉस शहरात सापडल्या. २०१३मध्ये चार भाग परत आले, पहिला आधीपासून होताच. तिसराही तिथे होता, पण हाती येण्याआधीच तो नाहीसा झाला, असं मॉरिस सांगतात.

नेमका हाच भाग जावा याची फार हळहळ वाटते. लंडनच्या भुयारी रेल्वेत यंत्रमानव ‘येती’ शिरले आहेत आणि अंधाऱ्या बोगद्यात डॉक्टरांना एक अनोळखी कर्नल भेटतो. लेथब्रिज-स्टुअर्ट. पुढे ब्रिगेडियर म्हणून वीस वर्षांहून जास्त काळ मालिकेत येत-जात राहिलेला निकोलस कोर्टनी या भागात पहिल्यांदा दिसतो. त्याला आधी कॅप्टन नाइटची भूमिका दिली होती. कर्नल करणारा नट सोडून गेला म्हणून ती याच्याकडे आली.

आवाज मात्र पूर्ण शाबूत आहे, कारण तेव्हाच्या चाहत्यांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून तो जपला. प्रश्न फक्त चित्राचा आहे.

पहिला पर्याय स्थिरचित्रांचा. जॉन क्युरा हे गृहस्थ प्रक्षेपण चालू असताना टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढत आणि ते दिग्दर्शकांना, नटांना विकत. एका भागाचे साधारण साठ ते ऐंशी फोटो असत. ते आवाजावर बसवून केलेली आवृत्ती २०१३पासून मिळते. चोवीस-पंचवीस मिनिटांचा भाग म्हटला तर एकेक चित्र सरासरी वीसेक सेकंद समोर राहतं. सवय नसेल तर हे जड जातं. शिवाय नाइट, अर्नोल्ड, लेन, वीम्स असे एकाच गणवेशातले बरेच सैनिक आहेत. कोण बोलतंय ते सारखं शोधावं लागतं. वेल्श हेल काढून बोलणारा ड्रायव्हर इव्हान्स तेवढा लगेच कळतो.

दुसरा पर्याय २०२१चं थ्रीडी ॲनिमेशन, आवाज तोच मूळचा. इथे बोलणारा कोण याचा घोळ होत नाही आणि संवाद नसलेल्या जागीही काय चाललंय ते दिसतं. मुलांना सोबत घेऊन बघणार असाल तर हेच लावा, वीस सेकंद एका फोटोकडे ती बघणार नाहीत. माझी तक्रार हालचालींबद्दल आहे. माणसं ताठर चालतात, चेहरे गुळगुळीत आहेत. दुसऱ्या आणि चौथ्या भागातल्या हाडामांसाच्या नटांच्या मधे ती आली की मी दचकून कथेबाहेर पडते.

आणि या कथेत चेहराच महत्त्वाचा आहे. लष्करी तळावरचा कुणीतरी शत्रूच्या ताब्यात आहे आणि कर्नलसुद्धा संशयितांतलाच. पुढचं ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाने त्याच्याकडे बघून ठरवायचं, हा आपला की परका? कोर्टनीच्या खऱ्या चेहऱ्याचा धूसर फोटो तो संशय जागा ठेवतो. ॲनिमेशनमधल्या चेहऱ्यात वाचण्यासारखं काही सापडत नाही. दिग्दर्शक डग्लस कॅमफिल्ड यांचे बोगदेही फोटोंतच उरलेत. तो सेट इतका अस्सल होता की बीबीसीने परवानगीशिवाय स्टेशनात चित्रीकरण केलं, असा रेल्वेवाल्यांचा समज झाल्याची गोष्ट सांगतात. ॲनिमेशनमध्ये तो काळोख मला जाणवला नाही.

निवेदनासह निव्वळ ध्वनीची आवृत्तीही आहे, निवेदन डॉक्टरांचा साथीदार जेमी साकारणाऱ्या फ्रेझर हाइन्सचं. श्रुतिकेची आवड असेल तर जरूर ऐका, पण पहिल्या ओळखीसाठी मी ती सुचवणार नाही.

एकट्याने, पहिल्यांदाच बघत असाल तर स्थिरचित्रं घ्या. पहिले दोन भाग आदल्या रात्री बघा, म्हणजे आवाज ओळखीचे होतील. तिसऱ्याला दिवे मालवा, हेडफोन लावा आणि लगोलग चौथा सुरू करा. ॲनिमेशन सहावा भाग संपल्यावर बघितलंत तरी चालेल. तोवर कर्नलचं काय झालं ते कळलेलं असेल.