दहावीची संभाव्यता आणि लिबरऑफिस कॅल्क : दोन वर्षं वर्गात वापरल्यावर

मी जिंतूर तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो. संभाव्यतेच्या धड्यात दरवर्षी एकाच जागी गाडी अडायची. दोन फाशांची बेरीज २ ते १२, म्हणजे ११ शक्यता, मग ७ येण्याची संभाव्यता १/११, असं लेकरं धरून चालतात. फळ्यावर ३६ जोड्या मांडल्या की वहीत उतरवून घेतात, पण ३+४ आणि ४+३ वेगळे का, हे काही पटत नाही.

दोन वर्षांपासून हा धडा मी लिबरऑफिस कॅल्क या संगणकावरच्या तक्त्याच्या (स्प्रेडशीटच्या) प्रणालीवर घेतो. फुकट मिळतं, एकदा टाकून घेतलं की नेट लागत नाही. दोन स्तंभांत रँडबिटवीन सूत्राने १ ते ६ मधली कुठलीही एक संख्या, तिसऱ्यात बेरीज, आणि हे सगळं हजार ओळी खाली ओढायचं. बाजूला काउंटइफ सूत्राने कुठली बेरीज किती वेळा आली याची मोजणी आणि तिचा आलेख. कंट्रोल-शिफ्ट-एफ९ दाबलं की हजारही जोड्या नव्याने पडतात. खांब खालीवर होतात, पण ७ चा खांब १६७ च्या आसपासच घुटमळतो. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, सातच लई यायलाय. मंग अकराबी सारख्या कशा?” त्या दिवशी ३६ जोड्या तिनेच फळ्यावर मांडल्या.

तीन फाशांचा जुना प्रश्न गॅलिलिओनेही सोडवला होता. बेरीज ९ आणि बेरीज १०, दोन्ही सहा-सहा प्रकारांनी होतात, तरी १० जास्त का येते? २१६ पैकी ९ साठी २५ आणि १० साठी २७ क्रम आहेत. हजार ओळींत कधी कधी ९ च पुढे जातो! लाख ओळी केल्या तेव्हा १० चा खांब सरळ वर राहिला. जुना संगणक थोडा थबकतो, पण तेवढं थांबावं.

एका मुलाने आजीच्या कवड्या आणल्या. कॅल्कमध्ये त्याने उताणी-पालथी निम्मं-निम्मं धरली होती. मग सतरंजीवर खरी कवडी १०० वेळा टाकली, तर उताणी ३८ वेळाच. त्याने सूत्रात ०.३८ घातलं. म्हणून आता आधी खरा फासा, खरी कवडी, मगच संगणक.

एक सांभाळा : कुठल्याही चौकटीत काही लिहिलं की सगळे आकडे बदलतात. निकाल जपायचा तर पेस्ट स्पेशलने नुसत्या संख्या दुसरीकडे चिकटवाव्यात.

आणि सूत्रं भरलेली फाइल लेकरांना देऊ नका. पहिल्या वर्षी मी दिली होती, तर सगळी नुसती कळ दाबत बसली. यंदा कोऱ्या पानावरून सुरुवात केली. दोन तास जास्त गेले, पण ‘किती वेळा टाकल्यावर खरं धरायचं, सर?’ हे त्यांनी आपणहून विचारलं.